गुणपत्रिकेचा दिवा

ज्या विद्येचे सारे मर्म दुसऱ्याच्या सोयीत आहे, तिची परीक्षा दुसरा कोणीही जेथे पाऊल टाकू शकत नाही अशा बंद दालनात घ्यावी, हा विनोद एखाद्या प्रहसनकाराच्या लेखणीतून उतरला असता तर आम्ही त्यास मनमुराद हसलो असतो. परंतु तो प्रहसनातला नसून आमच्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतला आहे, आणि त्यावर अभ्यासमंडळांच्या व विद्वत्परिषदांच्या मोहरा उमटलेल्या आहेत. तेव्हा हसणे सोडून त्याचा विचार करणे प्राप्त झाले आहे.

आम्ही बोलत आहोत ते संगणकाच्या त्या अंगाविषयी, ज्यास 'यूजर इंटरफेस' अशी संज्ञा पडली आहे. यंत्राच्या पोटात काय चालते ते यंत्रज्ञाने पाहावे. परंतु माणसापुढे जो पडदा उभा राहतो त्यावर अक्षरे कोणती व केवढी असावीत, बटण कोठे असावे, चूक झाली तर परतीची वाट कोणती, आणि काम पुरे झाले की नाही हे वापरणाऱ्यास कळावे कसे, ही सारी रचना करण्याची एक स्वतंत्र विद्या आहे. तिला आम्ही या लेखापुरते 'दर्शनी मांडणी' असे म्हणू. वाड्याचा दिंडीदरवाजा इतका अरुंद असावा की पाहुण्यास वाकूनही आत शिरता येऊ नये, तर आतल्या चौसोपी वैभवाचा त्यास काय उपयोग? संगणकाच्या बाबतीत हा दरवाजा म्हणजेच दर्शनी मांडणी होय. ही विद्या आता आमच्या अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांतून ठिकठिकाणी शिकविली जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. ती ज्या रीतीने तपासली जाते ती मात्र दुःखाची गोष्ट आहे, आणि या लेखाचा विषय ती रीतच आहे.

हा प्रश्न पुण्यामुंबईच्या, फार तर बंगळूरच्या कचेऱ्यांतला. आम्हा अकोलेकरांस त्याचे काय, असे आमच्या जठारपेठेतील एखादे सुखवस्तू गृहस्थ विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, त्याचे खरे ओझे पुण्यामुंबईपेक्षा अकोल्यावरच अधिक पडते. २०२१ च्या ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शिवारात उभे राहून, मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावयाची असे ठरले. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' नावाच्या ॲपवरून भरले गेले. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस घालू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांस, भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे बाजारात ज्यास सारे सीसीआय म्हणतात त्या संस्थेने, 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी करावयास लावले. पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली पाहिजे, ही अट अनेक हंगाम पाळावी लागली. सारांश, पूर्वी तलाठ्याच्या दप्तरापुढे हात जोडून उभा राहणारा पातूरचा किंवा तेल्हाऱ्याचा शेतकरी आज हातातल्या काचेच्या तुकड्यापुढे हात जोडून उभा आहे. आणि तलाठ्यास निदान प्रश्न तरी विचारता येत असे!

त्या काचेवरचे शब्द त्यास उमगले नाहीत, कोठे दाबावे ते कळले नाही, किंवा नोंद झाली असे वाटून ती झालीच नाही, म्हणजे तो सेवाकेंद्राची पायरी चढतो आणि जे काम त्याने घरबसल्या फुकट करावे अशी योजना होती, त्याचे पैसे मोजून ते दुसऱ्याकडून करवून घेतो. हे पैसे म्हणजे वाईट मांडणीवर बसलेला कर होय. फरक इतकाच की, ज्याने मांडणी बिघडविली तो हा कर भरीत नाही, ज्याचे काम बिघडले तो भरतो. वर पुन्हा 'आमचे लोक अडाणी' हा शेरा आहेच. नाचता येईना अंगण वाकडे, अशी आपली जुनी म्हण आहे. येथे अंगण खरोखरच वाकडे असते आणि दोष मात्र नाचणाऱ्याच्या पायास दिला जातो.

तेव्हा ही अंगणे सरळ करणारी माणसे कोठे व कशी तयार होतात, हा प्रश्न वऱ्हाडच्या पोटापाण्याचा आहे. तो जठारपेठेतील घराघराचाही आहे; कारण ज्या मुलामुलींच्या शुल्कासाठी आईबाप बँकेचे कर्ज काढतात, त्यांतील पुष्कळजण पुढे हीच अंगणे सारवावयास बसणार आहेत.

आता ही तयारी कशी तपासली जाते ते पाहा. विद्यापीठे निराळी, परंतु साचा एकच. शंभर गुणांचे दोन भाग: कोठे ८० आणि २०, कोठे ७० आणि ३०, कोठे ६० आणि ४०. मोठा भाग लेखी परीक्षेचा, लहान भाग महाविद्यालयाच्या हातातला. लेखी परीक्षेत काय विचारावयाचे? बेन श्नायडरमन या अमेरिकन पंडितांनी आपल्या ग्रंथात दर्शनी मांडणीचे आठ सुवर्णनियम सांगितले आहेत. याकोब नील्सन यांनी १९९४ साली दहा तत्त्वांची यादी सिद्ध केली. दोन्ही याद्या उत्तम आहेत, आणि दोन्ही प्रश्नपत्रिकेस अगदी बेताच्या आहेत: आठ नियमांस आठ गुण, दहा तत्त्वांस दहा! परंतु त्या याद्यांत काय लिहिले आहे, ते प्रश्न काढणाऱ्यांनी एकदा तरी वाचले असते तर त्यांची लेखणी थबकली असती. श्नायडरमन यांच्या आठांपैकी एक नियम असा की, माणसाच्या स्मरणशक्तीवर भार टाकू नये. नील्सन यांच्या दहांपैकी एक तत्त्व असे की, माणसास आठवावयास लावू नये, समोर ठेवून ओळखू द्यावे. आणि हे नियम आमचा विद्यार्थी काय करतो? तो ते आठवतो! समोर काहीही न ठेवता, तीन तास, घड्याळाकडे पाहत, तो 'आठवावयास लावू नये' हे आठवून लिहितो. आणि ज्यास ते शब्दशः आठवले त्यास पैकीच्या पैकी मिळतात. उपवासाच्या महात्म्यावर भरपेट पंक्तीत व्याख्यान द्यावे, त्यातलाच हा प्रकार.

फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, ज्यावर बोट न्यावयाचे ते स्थान जितके मोठे व जितके जवळ तितके ते लवकर गाठले जाते, आणि जितके लहान व दूर तितका वेळ अधिक. आमचा विद्यार्थी या नियमाचे गणिती सूत्र निर्दोष लिहितो. तोच विद्यार्थी वर्षअखेरच्या प्रकल्पात 'पाठवा' आणि 'पुसून टाका' ही दोन्ही बटणे तांदळाच्या दाण्याएवढी करून एकमेकांस चिकटवून ठेवतो, आणि आपण काही विसंगत केले याची त्यास शंकाही येत नाही. कारण सूत्र ही परीक्षेची वस्तू आणि बटण ही प्रकल्पाची वस्तू, या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नव्हते. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून यावे?

राहिला तो लहान भाग, महाविद्यालयाच्या हातातला. येथे तरी हाताने केलेल्या कामाचे मोल व्हावे अशी अपेक्षा असते. परंतु या गुणांचा उगम वर्गातील हजेरी, दोन छोट्या लेखी चाचण्या आणि 'जर्नल' नामक वही यांत असतो, हे ज्यांच्या घरी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे त्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्या वहीत सर्व वर्गाचे प्रयोग एकसारखे, त्यांचे निष्कर्ष एकसारखे, आणि कित्येकदा त्यांतील शुद्धलेखनाच्या चुकाही एकसारख्या! गणिताच्या प्रयोगात सर्वांचे उत्तर एक यावे हे ठीकच. परंतु साठ विद्यार्थ्यांनी साठ निरनिराळ्या माणसांस पडद्यापुढे बसविले असते तर साठ वह्या एकसारख्या होणे अशक्य होते. वह्यांची ही एकरूपता हाच कोणी कोणास बसविले नाही याचा पुरावा होय. हातच्या काकणाला आरसा कशाला?

येथे एक परदेशची हकीकत सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांती थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी पहाटे एक झडप उघडली आणि ती पुन्हा बंद व्हावयाची ती अडकून उघडीच राहिली. नियंत्रणकक्षाच्या फळीवर त्या झडपेचा एक दिवा होता. तो विझला, म्हणून तेथील कर्मचाऱ्यांनी झडप बंद झाली असे मानले. परंतु त्या दिव्याची जोडणीच अशी केलेली होती की, झडपेस बंद होण्याचा हुकूम गेला म्हणजे तो विझे. हुकूम पाळला गेला की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या एका समजुतीवर दोन तासांहून अधिक काळ थंड ठेवणारे पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा निम्म्याच्या आसपास वितळला. दर्शनी मांडणीच्या चुकीचे हे उदाहरण या विषयाच्या वर्गांतून सांगितले जाते, आणि ते सांगितले जावे इतके बोधप्रद आहेही.

परंतु आमचे म्हणणे असे की, या विषयाची गुणपत्रिका हाच तसला दिवा आहे. शिक्षकाने शिकविले, विद्यार्थ्याने घोकले, उत्तरपत्रिकेत उतरविले, म्हणजे हुकूम गेला. दिवा विझला. आता सर्वांनी समजावयाचे की झडप बंद झाली, विद्या अंगी बाणली. ती बाणली की नाही ते पाहावयास कोणीही खाली उतरत नाही. आणि ती बाणली नसेल तर ते प्रथम कळते कोणास? बार्शीटाकळीच्या एखाद्या शेतकऱ्यास, नोंदणीच्या शेवटच्या दिवशी.

यावर आणखी एक थाट म्हणजे श्रेणींचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचविलेल्या दहा बिंदूंच्या पद्धतीत 'ओ' या अक्षरास दहा, 'ए प्लस' ला नऊ, 'ए' ला आठ, 'बी प्लस' ला सात, 'बी' ला सहा, 'सी' ला पाच, 'पी' ला चार आणि 'एफ' ला शून्य असे मोल आहे. मग त्यांची श्रेयांकांनी गुणून सरासरी काढतात आणि ती दशांशचिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत छापतात. दशांशचिन्हाचा आमच्या लोकांवर मोठा वचक आहे. ८.४३ हा आकडा पाहिला की त्यामागे काहीतरी फार काळजीपूर्वक मोजले गेले असावे असे वाटते. अकोल्यास प्रतवारी म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. कापसाच्या बाजारात प्रत ठरविणारा मनुष्य कापूस हातात घेतो, धागा ओढून पाहतो, ओलावा यंत्राने मोजतो. सीसीआयच्या खरेदीत तर ओलाव्याचे प्रमाण ८ ते १२ टक्क्यांच्या आत असावे लागते. गाडीवानाने कापसाविषयी पाठ करून आणलेले निबंध ऐकून कोणी कापसाची प्रत लावीत नाही. जी सावधगिरी आम्ही सरकीसकट कापसास दाखवितो, ती आमच्या मुलांच्या विद्येस दाखवू नये काय?

या पद्धतीच्या कैवाऱ्यांचे काही आक्षेप आहेत. ते सर्व निरर्थक आहेत असे आम्ही म्हणत नाही, आणि म्हणूनच त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप निष्पक्षपातीपणाचा. लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसते, क्रमांक असतो. तपासणारा परका असतो. फेरतपासणीची सोय असते. हाताच्या कामाचे गुण देऊ लागलो तर ओळखीपाळखीस ऊत येईल, असे म्हणतात. ही भीती खरी आहे. परंतु वजनाचा काटा कितीही निःपक्षपाती असला तरी त्याने कापडाची लांबी मोजता येत नाही. सर्वांस सारख्याच रीतीने चुकीचे मोजणे यास न्याय म्हणत नाहीत. शिवाय दर्शनी मांडणीत जे मोजावयाचे आहे ते तर निबंधाच्या भाषेपेक्षा पुष्कळच निश्चित आहे: पाच माणसांस हे काम करावयास दिले, त्यांतील कितींनी पुरे केले, किती कोठे अडले, किती वेळ लागला, आणि त्यानंतर विद्यार्थ्याने काय बदलले. ही नोंद कोणाही परक्या परीक्षकापुढे ठेवता येते. मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. पाचही जण पहिल्याच खेपेस यशस्वी झाले यास गुण देऊ नयेत. तसे केल्यास विद्यार्थी आपल्याच खोलीतील मित्रांस बसवील आणि सर्वजण यशस्वी होतील! गुण द्यावयाचे ते दोष सापडल्याबद्दल व तो दुरुस्त केल्याबद्दल. पहिल्या खेपेस एकही दोष न आढळलेली नोंद घेऊन येणाऱ्याकडे आम्ही तरी संशयानेच पाहू.

दुसरा आक्षेप संख्येचा. एक शिक्षक आणि साठसत्तर विद्यार्थी. इतक्यांचे काम कोण पाहणार? यास उत्तर अनुभवाने मिळालेले आहे. २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे स्कॉट क्लेमर यांनी हाच विषय दूरशिक्षणाने जगभरच्या विद्यार्थ्यांस शिकविला, आणि तेथे विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे काम, आधी नमुन्यांवर हात बसवून, ठरलेल्या कसोट्यांनी तपासावे अशी योजना केली. चिन्मय कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या योजनेचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की, दुसऱ्या खेपेस ४२.९ टक्के विद्यार्थ्यांचे गुण शिक्षकवर्गाने दिलेल्या गुणांच्या ५ टक्क्यांच्या आत, आणि ६५.५ टक्क्यांचे १० टक्क्यांच्या आत आले. कसोट्यांची भाषा अधिक नेमकी केल्यावर तपासणीतील मध्यक चूक १२.४ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरली. म्हणजे हे साधन परिपूर्ण नसले तरी सुधारता येण्याजोगे आहे. त्याच अभ्यासातील आणखी दोन आकडे आमच्या लोकांनी विशेष ध्यानात धरावेत. विद्यार्थी स्वतःच्या कामास शिक्षकांपेक्षा सरासरी ७ टक्के अधिक गुण देत. आणि आपल्याच देशातील सहाध्यायांस परदेशीयांपेक्षा ३.६ टक्के अधिक. जेथे देशाच्या नात्याने हात इतका सैल होतो, तेथे आमच्याकडे जातीच्या, गावच्या आणि वसतिगृहाच्या नात्याने तो किती सैल होईल, हे सांगावयास पंडित नको. तेव्हा नावे झाकावीत, प्रत्येक काम निदान तिघांनी तपासावे, आणि तिघांत फार अंतर पडेल तेवढेच शिक्षकाने स्वतः पाहावे. यात अशक्य असे काहीच नाही. यात फक्त श्रम आहेत.

तिसरा आक्षेप असा की, असे काम गटाने होते आणि गटात चौघांपैकी एकजण राबतो, तिघे नावे लावतात. खरे आहे, परंतु हा दोष आजच्या प्रकल्पपद्धतीतही आहेच. त्यावर उपाय म्हणजे मांडणी गटाची असावी, पण निरीक्षण व चाचणी प्रत्येकाची स्वतंत्र असावी. मी या माणसाजवळ बसलो, तो येथे अडला, म्हणून मी हे बदलले, एवढे तीन वाक्यांत ज्यास तोंडी सांगता येत नाही, त्याने काम केलेले नाही. हे ओळखावयास पाच मिनिटे पुरतात.

चौथा आक्षेप अगदी नवा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र मागाल तसा सुबक पडदा क्षणात काढून देते. मग विद्यार्थ्याचे काम कोणते व यंत्राचे कोणते, हे कसे ओळखावे? आमच्या मते हा आक्षेप आमच्याच बाजूचा साक्षीदार आहे. सुवर्णनियमांवरची टिपणे तर ते यंत्र विद्यार्थ्यापेक्षा किती तरी सफाईने लिहिते. तेव्हा यंत्राच्या भयाने टिपणांकडेच पळून जाणे हे पुरास भिऊन मोर्णेच्या पात्रात उतरण्यासारखे आहे. यंत्रास जे करता येत नाही ते एवढेच: बाळापूरच्या एखाद्या बाईंच्या शेजारी बसावे, त्यांचे बोट कोणत्या शब्दावर थांबते ते पाहावे, आणि आपण हौसेने घातलेला शब्द त्यांच्या घरात कोणी बोलतच नाही हे ओशाळून मान्य करावे. नेमके तेच शिकवावयाचे आहे. तर तेच तपासावे.

असे काही करणे आमच्या परंपरेस धरून नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने जठारपेठेतून निघून याच शहरातील कृषी विद्यापीठापर्यंत जावे. १९६९ साली स्थापन झालेल्या आणि पंजाबराव देशमुखांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाचे विद्यार्थी पदवीच्या अखेरच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यांत जातात. गावकरी त्यांस कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. ते शेतकऱ्यांच्या बांधावर उभे राहून माती तपासणे, बीजप्रक्रिया करणे, फवारणीची काळजी घेणे ही कामे दाखवितात, आणि या कामाचे त्यांस रीतसर गुण मिळतात. शेतीच्या पदवीधराने शेतकरी पाहिलाच पाहिजे, हे येथे कोणी वादाचे मानीत नाही. मग त्याच शेतकऱ्याच्या हातात जाणारा पडदा जो रचणार, त्याने मात्र शेतकरी न पाहताच 'ओ' श्रेणी मिळवावी, हा न्याय कोठला?

नुसते दोष दाखवून थांबणे आम्हास शोभणार नाही. म्हणून आमची योजना थोडक्यात सांगतो. विषय तीन श्रेयांकांचा धरला, आणि एका श्रेयांकास सारे श्रम मिळून ३० तास हे राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याचे माप घेतले, तर ९० तास हाती येतात. पंधरा आठवड्यांत दर आठवड्यास सहा. शंभरांपैकी २० गुण निरीक्षणास द्यावेत: सेवाकेंद्र, बाजारसमिती, एसटीचे स्थानक, बँक, रुग्णालयाची खिडकी, यांपैकी एके ठिकाणी जाऊन माणसे कोठे अडतात ते लिहून आणावे. १५ गुण कागदावरच्या आराखड्यांस. एक नव्हे, तीन निरनिराळे, म्हणजे पहिल्याच कल्पनेच्या प्रेमात पडण्याची खोड मोडेल. २० गुण पाच परक्या माणसांवरील चाचणीस. पाचच का, याचेही कारण आहे: नील्सन व लँडाउअर यांनी १९९३ साली काढलेल्या सरासरीप्रमाणे एका माणसाच्या चाचणीत सुमारे ३१ टक्के दोष उघड होतात, आणि त्या हिशेबाने पाच माणसांत सुमारे ८५ टक्के. उरलेल्यांसाठी पन्नास माणसे बसविण्यापेक्षा दोष दुरुस्त करून पुन्हा पाच बसविणे शहाणपणाचे. म्हणून सर्वांत अधिक, म्हणजे २५ गुण, दुरुस्तीस व दुसऱ्या चाचणीस. १० गुण सहाध्यायांच्या कामाचे प्रामाणिक परीक्षण केल्याबद्दल. आणि उरलेले १० लेखी परीक्षेस. होय, लेखीस आमचा सर्वस्वी विरोध नाही. परंतु तीत पुस्तक उघडे असावे, आणि पूर्वी न पाहिलेला एक पडदा समोर ठेवून त्यातील दोष व त्यांची कारणे विचारावीत. मग श्नायडरमन यांचे नियम घोकावे लागणार नाहीत, वापरावे लागतील.

पहिल्या वर्षी तपासणीस कोणता पडदा घ्यावा, अशी शंका असेल तर तीही आम्ही दूर करतो. ज्या पडद्यावर विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरतात, शुल्क भरल्याची पावती शोधतात आणि निकालाच्या दिवशी पुन्हा पुन्हा डोके आपटतात, तोच पडदा घ्यावा. वापरणारे वर्गातच बसलेले आहेत, आणि दोषांचा तोटा पडण्याची भीती नाही.

वऱ्हाडास स्वतःचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी मिळाले. तोवर आमची महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या छायेखाली होती. वेगळ्या विद्यापीठाची मागणी ज्यांनी केली त्यांचे म्हणणे काय होते? या भागाची माणसे व या भागाच्या गरजा जवळून पाहणारी विद्या हवी, हेच ना? अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारी जी लक्षावधी कुटुंबे आहेत, त्यांच्या हातात आता सरकार, बँक आणि बाजार एका काचेतून जाऊन पोहोचत आहेत. त्या काचेवर काय लिहावे हे शिकविण्यास पाच जिल्ह्यांइतकी मोठी प्रयोगशाळा जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि तिचे भाडेही द्यावयाचे नाही. ती सोडून बाकावर बसून याद्या लिहवून घेणे म्हणजे नदीकाठी राहून पोहण्यावर निबंध लिहिणे होय.

अभ्यासमंडळांतील विद्वानांस जी विनंती करावयाची ती वर आलीच आहे. शेवटचे दोन शब्द जठारपेठेतील व अशाच इतर वस्त्यांतील आईबापांस. निकाल लागला म्हणजे आपण विचारतो, किती मिळाले? शेजारच्यांस किती मिळाले? या प्रश्नांस उत्तर देण्यासाठीच सध्याची पद्धत जन्मास आली आहे, आणि जोवर आपण दुसरे काही विचारीत नाही तोवर ती बदलणार नाही. यापुढे आपल्या मुलास किंवा मुलीस एवढेच विचारून पाहा: तू रचलेला पडदा कोणाच्या हातात दिलास? तो मनुष्य कोठे अडला? मग तू काय बदललेस? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्यास देता येतात, त्याच्या गुणपत्रिकेवर कोणतेही अक्षर असले तरी चिंता नको. आणि ज्यास ती देता येत नाहीत, त्याचे ८.४३ पाहून निश्चिंत होऊ नका. दिवा विझला आहे एवढेच त्यावरून कळते. झडप बंद झाली की नाही ते पाहावयास कोणीतरी खाली उतरलेच पाहिजे.